लांजेवार साहेबांचा हात

लांजेवार साहेब दात कोरायचे ते व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने. जेवण झालं की शर्टाच्या खिशातून कार्ड काढायचं, डाव्या हाताचा आडोसा धरायचा आणि पार मागच्या दाढेपर्यंत जायचं. एवढ्यावर थांबले असते तरी मी काही म्हटलं नसतं. पण ते कार्ड पुन्हा खिशात जायचं आणि पुढच्या लग्नात, पुढच्या सत्कारात कुणाच्या तरी हातात पडायचं. मंडळाच्या गणपतीत त्यांनी मला एक दिलं होतं. त्याचा कोपरा मऊ पडलेला होता. घरी येऊन मी ते पर्समधून चिमट्याने उचललं आणि केराच्या डब्यात टाकलं.

माणसाबद्दल लिहायचं तर थोडी तरी माया हवी म्हणतात. माझ्याकडे ती नाही. तरी लिहिते आहे, कारण हल्ली अधूनमधून कुणीतरी आमच्या स्टुडिओत येतं, मोबाइल पुढे धरतं आणि म्हणतं, "दीदी, ऐसा वाला चाहिए." मोबाइलमध्ये मरोदा तलावाचं पाणी असतं, मावळतीचं ऊन असतं, पांढऱ्या कुर्त्यातले लांजेवार साहेब असतात आणि त्यांच्याजवळ एक म्हातारा लॅब्राडोर. साहेबांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर. फोटो मीच काढलेला आहे. तो बघून लोकांना भरून येतं. मला जे येतं ते सभ्य भाषेत लिहिण्यासारखं नाही. म्हणून एकदा हा माणूस कसा होता ते सांगूनच टाकते.

भिलाईत सेक्टरच्या मार्केटमध्ये आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी काढला, त्यांच्यामागे मी चालवते. आजोबा नागपूरकडचे, रेल्वेत होते म्हणून दुर्गला आले. बाबांना रेल्वे नको होती, त्यांना कॅमेरा हवा होता. स्टील प्लांटमधल्या मराठी घरांची बारशी, मुंजी, लग्नं, रिटायरमेंट, सगळं आमच्या काळ्या पडद्याआडून गेलेलं आहे. लांजेवार साहेब प्लांटमधले मोठे ऑफिसर. भंडाऱ्याकडचे. आमच्याच सेक्टरमध्ये, मोठ्या क्वार्टरमध्ये राहायचे. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणत आले. आता म्हणावंसं वाटत नाही, पण जिभेची सवय जात नाही.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "एक होऊन जाऊ दे बेटा." म्हणजे एक फोटो. झाड लावलं, एक होऊन जाऊ दे. रक्तदान शिबिराचं उद्घाटन केलं, एक होऊन जाऊ दे. त्या शिबिरात ते खाटेवर आडवेही झाले होते, बाही वर करून, मूठ आवळून. फोटो झाला आणि उठून बसले. सुई घेऊन आलेल्या नर्सला म्हणाले, "नहीं नहीं, मेरा शुगर है." बिस्कीट आणि फ्रूटी मात्र घेऊन गेले.

फोटोच्या आधी त्यांची एक तयारी असायची. आधी जीभ ओठांवरून फिरवायची, मग खिशातल्या कंगव्याने भुवया विंचरायच्या, मग पोट आत ओढून श्वास धरायचा. क्लिक झालं की तो श्वास बाहेर पडायचा, फुस्स करून, आणि पोट जागेवर यायचं. त्या श्वासाला जेवणाचा वास असायचा. मी लहान असताना रिफ्लेक्टर धरून बाबांच्या बाजूला उभी राहायची, तेव्हा तो माझ्या तोंडावर यायचा.

त्यांच्या हाताखालून जो कुणी रिटायर होई, त्याचा सत्कार ते स्वतः करायचे. ही त्यांची हौस. शाल, नारळ आणि फोटो. शाल चांगली, जरीकाठाची, लाल. माणसाच्या खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, आणि "आण, घडी करून देतो" म्हणत अंगावरून काढून घ्यायची. घडी व्हायची, पिशवीत जायची. माणसाच्या हातात राहायचा नारळ. एका क्रेन ऑपरेटरने एकदा ती सोडलीच नाही. दोन्ही हातांनी काठ धरून उभा राहिला. म्हणाला, "साहब, ये तो मेरा है ना?" काका मोठ्यांदा हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तेरा ही है रे. फोटो में तेरे ही ऊपर है." आणि शाल ओढून घेतली. सगळे हसले. तो ऑपरेटरही हसला, कारण साहेब हसत होते. पुढे बाबांनी मला जुने फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले होते. माणसं वेगवेगळी, पण उजव्या खांद्यावर चहाचा डाग तोच.

बाबांना याचा राग यायचा नाही. ते म्हणायचे, गिऱ्हाईक आहे. मला यायचा. मी बाबांसारखी नाही, हे माझं मला ठाऊक आहे.

बाबा गेले तेव्हा काका भेटायला आले. पुढच्या खोलीत बाबांचा फोटो टेबलावर ठेवला होता, हार घातलेला, पुढे दिवा. आई भिंतीला टेकून बसली होती. काका आत आले, फोटोसमोर उभे राहिले, जरा डावीकडे झाले, जरा उजवीकडे. मला वाटलं रडू आवरताहेत. मग म्हणाले, "काचेवर ट्यूबलाइट येऊन राहिली बेटा." आणि स्वतःच्या हाताने बाबांची फ्रेम तिरपी केली. हार घसरला आणि दिव्यावर जाणार होता, तो मावशीने धरला. काकांनी मोबाइल काढला, दाराशी उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या हातात दिला, त्याला कुठलं बटण दाबायचं ते समजावलं आणि हात जोडून, मान झुकवून उभे राहिले. डोळेसुद्धा मिटले. क्लिक झालं. फुस्स. मग मोबाइल घेऊन बघितला आणि दूधवाल्याला म्हणाले, "एक और ले. हिल गया." आईशी बोलायचं राहूनच गेलं. संध्याकाळी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलं होतं, 'एक कलावंत हरपला.' फोटोत बाबा अर्धेच आले होते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट दडवली तर ते खोटं होईल, म्हणून तीही लिहिते. बाबा होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी काका स्टुडिओत एकटेच आले आणि पोट वगैरे आत न ओढता खुर्चीत बसले. बाबांना म्हणाले, "भाऊ, नुसतं सांगितल्यावरून माणसाचा चेहरा काढून भेटते का?" त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती. गावात तेव्हा कोण फोटो काढणार? तिचा एकही फोटो नव्हता. बाबांनी रायपूरच्या एका चित्रकाराला गाठलं. काकांनी जे आठवेल ते सांगितलं, नाक माझ्यासारखं, कुंकू मोठं, केस पुढून पातळ. चित्र तयार होऊन आलं. चांगलं होतं. काकांनी ते हातात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नाही. ही कोणी दुसरीच बाई आहे." चित्र काउंटरवर ठेवून निघून गेले. बाबांनी मला नंतर सांगितलं की बाहेर स्कूटर चालू करायला त्यांना फार वेळ लागला.

मला वाईट वाटलं होतं. ज्याच्याकडे आईचा फोटो नाही तो माणूस फोटोमागे लागेल, हे मला समजतं. त्या दिवसानंतर काही काळ मी त्यांच्याशी बरी वागत होते. बाबा गेल्यावर ते कमी झालं, आणि पुढे मरोद्यावर जे घडलं त्याने संपलंच.

आता जॅकी. जॅकी हे त्या कुत्र्याचं नाव. काकांनी पिल्लू आणलं ते कुणा वरच्या साहेबाच्या बंगल्यावर तसंच पिल्लू बघून. पहिल्या वर्षात त्याचे फोटो इतके झाले की तेवढे त्यांच्या मुलाचे झाले नसतील. जॅकी गॉगल घातलेला, जॅकी दिवाळीच्या किल्ल्यावर, जॅकी स्टिअरिंगवर पंजे ठेवून. दर रविवारी संध्याकाळी काका त्याला पट्टा लावून सिव्हिक सेंटरला घेऊन जायचे. लोक थांबायचे, लाड करायचे. काका लाजल्यासारखं करून म्हणायचे, "बच्चा है मेरा." बाकी सहा दिवस जॅकी मागच्या अंगणात नळाच्या पाइपाला बांधलेला असायचा आणि त्याचं सगळं काकू करायच्या.

सुमनकाकू म्हणजे लांजेवारकाकांची बायको. बारीक, सावळी, कमी बोलणारी बाई. फोटोत त्या फारशा सापडत नाहीत. त्या नेहमी काहीतरी धरून फ्रेमच्या बाहेर उभ्या असायच्या, पर्स, हार, कुणाचं तरी मूल. जॅकीला भात-दूध कालवणं, गोचिडी काढणं, पावसात त्याला गॅलरीत घेणं, हे त्यांचं. त्याला त्या 'बापा' म्हणायच्या. "खाऊन घे बापा." "गप रे बापा." काका त्याला कधी हात लावत नसत. पट्टा लावायचा तोही काकूंनी, आणि टोक काकांच्या हातात द्यायचं. मी एकदा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "त्याइले किळस येते. केस लागतेत ना कपड्याले."

जॅकी म्हातारा झाला. डोळ्यात पांढरं आलं, कान गेले, मागच्या पायातला जीव गेला. अंगाला वास यायला लागला, तो कितीही धुतला तरी जाईना. रविवारचं फिरणं बंद झालं. "आता बरं दिसत नाही," काका म्हणाले.

आणि मग काका रिटायर झाले. भिलाईत रिटायर होणं म्हणजे नुसतं घरी बसणं नाही. क्वार्टर सोडावं लागतं. ज्या घरात मुलं वाढली, आंबा लावला, तुळस लावली, ते रिकामं करून किल्ली द्यायची आणि नागपूर नाहीतर पुणे गाठायचं, मुलाच्या फ्लॅटमध्ये. सामान जातं, सायकली कुणाला तरी देतात, कुंड्या शेजारी ठेवून घेतात. कुत्रे राहतात. आमच्या सेक्टरच्या गल्ल्यांमधून हिंडून बघा. गळ्यात अजून पट्टा असलेले पोमेरेनियन आणि लॅब्राडोर बंद क्वार्टरच्या फाटकाशी बसलेले दिसतील. नवं कुटुंब राहायला आलं की त्यांना दगड मारून हाकलतं. शिकलेल्या, मोठ्या पगाराच्या लोकांचे हे कुत्रे. मला या गोष्टीची जेवढी शिसारी येते तेवढी उघड्या गटाराचीही येत नाही.

काकू मात्र निश्चिंत होत्या. नागपूरच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही, सुनेने नवीन फरशी केली आहे, हे त्यांना कळलं होतं. पण काकांनी सांगितलं होतं की जवळच्या कुरुद गावचा एक ओळखीचा माणूस जॅकीला ठेवून घेणार आहे, त्याचं मोठं आवार आहे. काकूंनी जॅकीची थाळी, पोतं आणि औषधं एका पिशवीत भरून ठेवली होती.

निघायच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. "मीनू बेटा, मरोद्यावर ये. जॅकीसंगं एक यादगार होऊन जाऊ दे."

थंडीचे दिवस होते. मरोद्याच्या पाण्यावर बदकं उतरली होती, पलीकडे प्लांटच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. असं ऊन फोटोवाल्याला वर्षातून थोडेच दिवस मिळतं. काका पांढरा कुर्ता घालून आले होते. गाडीतून काकूंनी आणि ड्रायव्हरने जॅकीला उतरवलं. काकूंनी एक जुनं लुगडं त्याच्या पोटाखालून घेतलं होतं आणि त्याची दोन टोकं वर धरून त्या त्याचं मागचं अंग उचलून चालवत होत्या. पुढचे पाय त्याचे, मागचे काकूंचे, असे ते दोघं बांधावरून हळूहळू येत होते. ऊन तोंडावर आलं तसा जॅकीने नाक वर केलं. त्याला बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं.

"ते लुगडं काढ," काका म्हणाले. "फोटोत येईल."

"पडन ना तो."

"काढ म्हणतो ना."

काकूंनी लुगडं काढलं आणि जॅकी मागे बसकण मारून एका बाजूला कलंडला. ड्रायव्हरने एक दगड आणून त्याच्या कमरेला टेकू दिला. मग काकांनी खिशातून सेंटची बाटली काढली आणि लांबूनच त्याच्यावर फवारली. जॅकी शिंकत सुटला. त्याच्या आंधळ्या डोळ्यांत ते गेलं होतं. काकूंनी पदर ओला करून त्याचे डोळे पुसले, तोवर काका भुवया विंचरत होते.

मी गवतात पालथी पडले. कुत्र्याचा फोटो कुत्र्याच्या उंचीवरून काढावा लागतो. फ्रेममध्ये सगळं नीट दिसत होतं, पाणी, ऊन, कुर्ता, जॅकीची पांढरी झालेली हनुवटी. काका त्याच्यापासून हातभर लांब बसले होते.

"काका, त्याच्या डोक्यावर हात ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. डोक्यापासून दोन बोटं वर आणला आणि तिथेच थांबवला.

"टेकवा काका."

"तुले तिथून कसा दिसून राहिला?"

मी बघितलं. लांबच्या लेन्समधून, त्या कोनातून, ते अंतर दिसतच नव्हतं. "टेकल्यासारखा," मी म्हटलं.

"मंग झालं ना," काका म्हणाले. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली, पोट आत ओढलं आणि डोळ्यांत माया आणली. ती कशी आणतात हे मला अजून कळलेलं नाही. मी क्लिक केलं. फुस्स.

तोच तो फोटो. त्यात कुणालाही दिसत नाहीत अशी ती दोन बोटं आहेत.

काका उठले, कुर्ता झटकला. काकू लुगडं घेऊन जॅकीजवळ आल्या. "राहू दे त्याले," काका म्हणाले. "इथंच."

काकूंना आधी कळलंच नाही. "आँ?"

"इथंच राहू दे. पाणी आहे, मोकळी हवा आहे. लोक पिकनिकले येतेत, काही ना काही टाकतेत."

"आन् कुरुदचा माणूस?"

"त्याले नाही जमलं."

"कधी सांगितलं त्यानं?"

काका गाडीकडे बघत राहिले. त्या बघण्यातच कळलं की कुरुदला असा कुणी माणूस नव्हताच. ड्रायव्हर छत्तीसगढी होता, कोवळ्या मनाचा. तो हळूच म्हणाला, "साहब, रात मा जाड़ लागही एला." थंडी वाजेल याला. काकांनी त्याला गाडीत बसायला सांगितलं.

मी उठून उभी राहिले होते. मी म्हटलं, "काका, हा उभा तरी राहू शकतो का? रात्री गावठी कुत्रे येतील, फाडून खातील." ते माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "बेटा, तू फोटोचं पाह."

काकू तोवर खाली बसल्या होत्या. जॅकीला टेकू दिलेला दगड त्यांनी बाजूला केला आणि त्या जागी स्वतःची मांडी दिली. लुगडं त्याच्या अंगावर पांघरलं.

"सुमन, उठ. तमाशा करू नको."

"मी कुठं तमाशा करून राहिली? बसली आहो फक्त."

"लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

बांधावर फिरायला आलेली चार माणसं खरंच थांबली होती. त्यांच्याकडे बघून काकांनी हात जोडले, ओळखीचं हसले आणि गाडीत जाऊन बसले. मला वाटलं गाडी थांबेल. त्यांनाही वाटलं असणार की बायको मागून येईल. गाडी हळूहळू गेली, वळणावर जराशी थांबली आणि मग सरळ गेली.

अंधार पडायला लागला तेव्हा मी एक ऑटो आणला. ऑटोवाला कुत्रा घेईना. काकूंनी सीटवर स्वतःची शाल अंथरली तेव्हा तयार झाला. रस्ताभर काकू एवढंच बोलल्या, "मीनू, कोहक्याच्या खोलीचं कुलूप उघडते का पाहजो. लय दिवसाचं बंद आहे." कोहक्यात त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावावर करून दिलेल्या दोन खोल्या होत्या. एकीत भाडेकरू, दुसरी रिकामी. दुसऱ्या दिवशी क्वार्टरमधून सामानाचा ट्रक नागपूरला गेला, त्यात काकूंच्या साड्याही गेल्या. काकू नाही गेल्या.

फोटो त्याच आठवड्यात काकांनी सगळीकडे टाकला. खाली मजकूर होता, 'चौदा वर्षांचा माझा सखा. निरोप देताना शब्द सुचत नाहीत.' शेकड्यांनी लोक हळहळले. मंडळातल्या बायका मला रस्त्यात थांबवून सांगायच्या, "काय फोटो काढला गं मीनू, रडूच आलं." एक-दोघींना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, च्च च्च केलं आणि म्हणाल्या, "पण फोटो छान आहे हं." माणसाला एवढं ऐकल्यावरही फोटो छान वाटतो, याची मला काकांइतकीच चीड येते.

काकांना मी शेवटचं बघितलं ते मे महिन्यात. मी जॅकीच्या जखमांसाठी मलम घेऊन कोहक्याला गेले होते. खोलीपुढच्या जरा जागेत काकूंनी पोतं ओलं करून टाकलं होतं, त्यावर तो पडला होता. एवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि काका उतरले. कडक इस्त्रीचा शर्ट होता. पण वाळले होते, गळ्याची कातडी लोंबत होती. फाटकाच्या बाहेरच उभे राहिले.

"सुमन, चाल आता. रविवारी नातवाचं बारसं आहे."

"बरं," काकू म्हणाल्या.

"बरं काय? सूनबाईच्या माहेरचे सगळे येऊन राहिले. सगळे विचारतेत, आजी कुठं आहे. फोटोत आजी पायजे ना."

काकूंचा चेहरा नातवाच्या नावाने हलला होता. त्यांनी त्याला अजून बघितलं नव्हतं. मोबाइलवरचे त्याचे फोटो त्या मला सारखे दाखवायच्या. त्यांनी जॅकीकडे बघितलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही जा. मी ठेवीन याला माझ्याकडे. अगदी खरं सांगते." मी मनापासून म्हणत होते आणि त्यांना ते कळलं.

मग त्यांनी जाऊन फाटकाची कडी काढली.

"येईन मी," त्या काकांना म्हणाल्या. "आत्ताच येईन. पिशवी भराले काय लागते? फक्त याच्या डोक्यावर एक डाव हात ठेवा. लोकाइले आपला म्हणून सांगत आले ना इतके वर्ष? ठेवा मंग."

जॅकीला तोवर काकांचा वास लागला होता. तो पुढच्या पायांवर स्वतःला ओढत फाटकापर्यंत आला. नाक वर करून हुंगलं, आणि त्याची शेपूट हलायला लागली. आधी टोक, मग सगळीच. मला त्या क्षणी त्या कुत्र्याचाही राग आला.

काकांनी माझ्या हातांकडे बघितलं. हातात मलमाची डबी होती, कॅमेरा नव्हता. मग ते वाकले. हात पुढे आला, खाली आला आणि दोन बोटं वर थांबला. मी बाजूला उभी होते. माझ्याकडून तो टेकल्यासारखाच दिसत होता. पण काकू अगदी जवळ होत्या.

"टेकवा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. विनवणी होती. मी त्यांना नवऱ्याला असं विनवताना कधी ऐकलं नव्हतं.

हात तसाच राहिला. तेव्हा जॅकीनेच मान उचलली. आंधळेपणानेच ती वर नेली आणि कपाळ त्यांच्या तळव्याला लावलं.

"शी!" काका म्हणाले, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

काकांनी तो हात शर्टाला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरला. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं लेन्समधून बघत आले होते. इतका उघडा कधी पाहिला नव्हता. तो हात तसाच लांब धरून ते मागे झाले आणि ऑटोत बसले. ऑटो सुरू झाला, गल्लीच्या टोकाला वळला आणि दिसेनासा झाला.

जॅकीला ते ना दिसलं, ना ऐकू आलं. तो फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढून शेपूट हलवतच राहिला. काकूंनी कडी लावली, खाली बसल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "गेले ते बापा. चाल आत."